चुकलेले ठोके

पहिल्याच दिवशी तिने त्याला पेशंट समजून निळा गाऊन हातात दिला, आणि त्या पठ्ठ्यानेही तो मुकाट्याने चढवला! "अहो, मी कॉम्प्युटरवाला... कॅमेऱ्याचा नवा प्रोग्राम बसवायला आलोय," हे त्याने सांगितलं ते टेबलावर आडवं झाल्यावर. हसून हसून तिची पुरेवाट झाली.

हृदयाचे फोटो काढणाऱ्या त्या खोलीची ती टेक्निशियन. किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन दिलं की पेशंटच्या हृदयातून किरण निघतात, कॅमेरा ते टिपतो आणि कॉम्प्युटर ठोक्या-ठोक्याप्रमाणे फोटो जुळवतो. ठोका वेडावाकडा पडला, की लाल खूण करून बाजूला टाकतो. प्रोग्राम नीट चालतो अशी सही तिने केली, की हा आपल्या गावी परत जाणार. म्हणूनच तर बाईसाहेब आठ दिवस नसत्या चुका काढत होत्या! कधी अक्षरं बारीक, कधी रंग फिका... तोही बिचारा हसत हसत सगळं बदलून द्यायचा. आज मात्र मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दुपारपर्यंत सही हवी.

शेवटच्या चाचणीला तो स्वतःच छातीला वायरी लावून आडवा झाला. इंजेक्शन नाही, नुसते ठोके तपासायचे. मंद उजेड, यंत्राची गुणगुण... तिला वाटलं, आज दुपार होऊच नये.

एक वायर सैल दिसली म्हणून ती जवळ गेली, आणि टेबलाशेजारच्या पडद्यावर लाल, लाल, लाल! ती मागे सरली... सगळं सुरळीत. दोन पावलं पुढे... पुन्हा लाल!

"सापडली! खरी चूक सापडली!" ती अक्षरशः नाचलीच. "आता आणखी आठ दिवस तरी तुम्ही..." तिने पटकन जीभ चावली.

"प्रोग्राम बरोबर आहे," तो छताकडे बघत म्हणाला. कान लालबुंद झाले होते. "माझाच ठोका चुकतोय... तुम्ही जवळ आलात की. गप्प बसलो असतो, तर मलाही राहायला मिळालं असतं हो. पण मग उद्या खऱ्या पेशंटच्या वेळी तुम्ही यंत्रावर विश्वास कसा ठेवणार?"

एवढा सरळ माणूस! आणि तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. तिने कागद ओढला आणि सही ठोकून दिली.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... मी निघू?"

"प्रोग्रामचं काम संपलं," ती म्हणाली. आठ दिवसांचं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "तू थांब ना... त्याला कुणाची सही लागत नाही."