जहाजामागचं रिंगण

"आत या हो बाई, सूप निवतंय. तुमचे पक्षी काही ते प्यायला यायचे नाहीत," मामा स्वयंपाकघराच्या खिडकीतून करवादला.

शिमेनानं डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. मामा म्हणजे जहाजाचा आचारी सेगुंदो. त्याचा भाचा एलादियो इथंच खलाशी होता. तो मामा म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणत. मागच्या फेरीत एलादियो याच पाण्यात पडला. त्याला पोहता येत नव्हतं, दगडासारखा तळाला गेला, असं कप्तानानं पुंता अरेनास बंदरात परतल्यावर सांगितलं. मामानंही बहिणीला तेच सांगितलं. तरी ती दर फोनला विचारते, "जास्त हाल नाही ना झाले रे त्याचे?"

मासेमारीच्या जहाजांवर राहून पक्षी मोजायचे, हे शिमेनाचं काम. माशांची आतडी पाण्यात पडली की अल्बट्रॉस आणि पेट्रेल हे समुद्रपक्षी एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन कसे धावतात, ते तिला पाठ होतं. इथं मात्र आतडी नुसतीच तरंगत मागे जात होती. एकही पक्षी फिरकत नव्हता.

सगळे तिकडे होते. बरेच मागे, पाण्यावर गोल करून बसलेले. चोची आत, मध्ये रिकामं पाणी. जहाज पुढे गेलं की रिंगण उठायचं आणि तेवढंच अंतर राखून पुन्हा बसायचं.

"देवमासा मेला असेल," ती म्हणाली.

"मेलेला जहाजामागं येतो होय?" कप्तान हसला. पण मागे वळून त्यानं बघितलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं, मागच्या कठड्याशी कुणी सिगारेट ओढायलासुद्धा जात नाही.

दुपारी मासेमारीच्या गळांची लांबच लांब दोरी ओढायला जहाज थांबलं. या वेळी रिंगण उठलं नाही. बसल्या बसल्याच जवळ येऊ लागलं. जरा सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं.

मामा पिठाच्या हातांनी तसाच बाहेर आला.

"काय करतायत ती पाखरं?"

"बसलीयत."

"ते दिसतंय मला. मेलेल्यावर तुटून पडतात ना ही?"

"मेलेल्यावर, हो."

"मग?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. जमलं नाही.

"जिवंत असेल तोवर नुसती बसतात, मामा. दमायची वाट बघत."

आता पेट्रेलचे फिकट डोळे दिसत होते. मधलं पाणी हललं.

थांबलं.

पुन्हा हललं.

"मामा, आत हो!" कप्तान वरून ओरडला. "त्या दिवशी दोरी तोडून मागं फिरता येत नव्हतं, तुलाही माहितीय. आणि तो तर लगेच—"

मामानं पिठाचे हात कठड्यावर टेकले.

"त्याला पोहता येत होतं," तो म्हणाला. "मीच शिकवलं होतं."