हिरव्या वायरचं दुसरं टोक

ही गोष्ट खोटी असती तर मला बरं वाटलं असतं.

पण ती माझ्यासोबत घडली आहे. आणि तिच्यात चूक माझी आहे.

मी सुग्रीव. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा. बावीस वर्षं घरांची लाईट फिटिंग करतो. भुताखेतावर माझा विश्वास नव्हता.

तारीख बारा मे, गेल्या वर्षीची. भर दुपारी अडीच वाजता. गाव पिंपळगाव रेणुकाई.

पण त्याआधीचं सांगावं लागेल.

त्याच्या दोन वर्षं आधी आबारावांनी तिथे नवं स्लॅबचं घर बांधलं. घरात माणसं तीन. आबाराव, त्यांची बायको वर्षाराणी आणि म्हातारी आई गोपिकाबाई. फिटिंग मी केली. शेवटी फक्त आर्थिंग राहिली.

म्हणजे खोल खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची प्लेट, कोळसा आणि मीठ भरायचं. घरातल्या सगळ्या बोर्डांची हिरवी वायर त्या प्लेटला जोडायची. एखाद्या वस्तूत करंट उतरला, तर तो माणसात न जाता जमिनीत जावा म्हणून.

घरामागं खणायला घेतलं, तर दोन फुटांवर कातळ लागला.

दुसरीकडे खोदायला पाहिजे होतं. पण मला संध्याकाळी साडूकडं हळदीला जायचं होतं.

मी प्लेट टाकलीच नाही. हिरवी वायर खड्ड्यात नुसती सोडली. वर माती ओढली. पाणी टाकायला एक पाईप उभा केला. बघणाऱ्याला सगळं बराबर दिसत होतं.

गोपिकाबाई शेजारी उभ्या होत्या.

"बाबा, हे कशाला रं?"

"मावशी, तुमचा जीव वाचवायला. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाकत जा ह्यात. जमीन ओली राह्यली पाहिजे."

"टाकीन की."

मी टेस्ट केली नाही. गाडीला किक मारली आणि निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या कूलरच्या पत्र्यात करंट उतरला. गोपिकाबाई अनवाणी पायांनी त्यात पाणी भरत होत्या...

जागीच गेल्या.

सगळे म्हणाले, कूलर खराब होता. मीही मान हलवली. वर्षाराणी वहिनी रडत रडत बायकांना सांगत होत्या, "टँकरच्या पाण्यातली एक बादली रोज त्या पाईपात वतायच्या. आमी बोललो तरी ऐकत न्हवत्या. म्हणायच्या, सुग्रीवनं सांगितलंय."

मी तिथेच उभा होतो.



वर्ष गेलं. मग मे महिन्यात आबारावांचा फोन आला.

"सुग्रीव, फ्रीज आणलाय. पण तुझी वहिनी हात लावीना. एकदा आर्थिंग तपासून दे. घर तुझंच फिट केल्यालं हाय, दुसऱ्याला कशाला बोलवू?"

मी ठरवलं, गुपचूप नवी आर्थिंग करून टाकायची. कुणाला कळणार नाही. प्लेट सोबतच घेतली.

बारा तारखेला पोचलो. वहिनी माहेरी गेल्या होत्या. मी आबारावांना म्हणालो, "भाऊ, जुना कोळसा खराब झाला असंल. मीठ-कोळसा घेऊन या."

ते गाडी काढून गेले. मी घरामागं आलो.

आणि थबकलो.

पाईपाभोवतीची माती... ओली होती.

आजूबाजूला जमिनीला भेगा पडल्या होत्या. फक्त तेवढीच जागा ओली. मी आबारावांना फोन लावला.

"भाऊ, पाईपात पाणी कोण टाकतंय?"

"कोन टाकनार? आई गेली तवापासून बिलकुल न्हाई."

मी घरात गेलो. मागच्या खोलीतल्या बोर्डात टेस्ट लॅम्प लावला. म्हणजे होल्डरला दोन वायरी आणि एक बल्ब. एक वायर फेजमध्ये, म्हणजे करंटच्या भोकात, दुसरी आर्थिंगच्या भोकात. आर्थिंग जोडलेली असेल तरच बल्ब लागतो.

माझ्या हिशोबानं तो लागणं शक्यच नव्हतं.

बल्ब लागला.

पूर्ण उजेडानं.

आणि त्याच क्षणी... घरामागून कुणीतरी कण्हलं.

"आय... आय गं..."

मी लॅम्प काढला. आवाज थांबला.

वाटलं, शेजारचं कुणी असेल. परत लावला.

बल्ब लागला... आणि परत तेच कण्हणं. दात आवळून, सहन करत असल्यासारखं.

लॅम्प तसाच ठेवून मी मागं धावलो. हातानं माती उकरली. हिरवी वायर रबराला धरून वर ओढली. तिचं उघडं टोक हवेत लोंबत होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

खिडकीतून आत बघितलं.

बल्ब चालूच होता.

मग करंट जात कुठं होता?

तेवढ्यात त्या टोकाजवळून, माझ्या हातापासून वीतभर अंतरावरून आवाज आला...

"आय गं..."

मी वायर टाकली. आत पळालो आणि लॅम्प उपटला. मागं कुणीतरी लांब श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यावर बाई सोडते तसा.

आबाराव परत आले, तेव्हा मी पायरीवर बसून रडत होतो. त्यांना सगळं सांगितलं. कातळ, हळद, न टाकलेली प्लेट. एकही गोष्ट लपवली नाही.

त्यांनी मला मारलं नाही. घरामागं जाऊन त्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले. मग म्हणाले,

"रोज पाणी घालत व्हती रं ती."

एवढंच.

मग त्यांनी स्वतः पहार उचलली. दुसरीकडे आम्ही दोघांनी खड्डा घेतला. प्लेट बसवली, वायर जोडली. टेस्ट करायला माझा हात धजेना.

"लाव," ते म्हणाले.

बल्ब लागला. आवाज आला नाही.

त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. केली असती तर मला झोप तरी आली असती. आता मी बाजारात दिसलो की ते रस्ता बदलतात.

आबारावांचं घर केलं त्या वर्षी मी अशाच घाईत अजून चार घरं फिट केली होती. तिथंही वायर नुसतीच सोडली होती. महिनाभरात चारही ठिकाणी जाऊन खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या, नवी आर्थिंग करून दिली.

पण खोदण्याआधी प्रत्येक घरात मी टेस्ट लॅम्प लावून बघितला होता.

चारही घरांत बल्ब लागला.

आणि चारही घरांत, मागून कण्हण्याचा आवाज त्याच बाईचा होता.