घरातल्या विमानात कायम सकाळ

टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून तो दुकानात शिरला, तेव्हा ती घाबरण्याच्या कामात गढून गेली होती. काम तसं सोपं होतं. काउंटरच्या काचेखाली विमानाचं तिकीट सरकवून ठेवलेलं होतं, त्याच्याकडे बघायचं आणि पोटात गोळा आणायचा. गुरुवारी सकाळी निघायचं होतं. दूरच्या शहरात ताईचे दिवस भरत आले होते. आई आता राहिली नव्हती, भावोजी जहाजावर होते, आणि रेल्वेने येशील तोवर बाळ रांगायला लागेल असं ताईचं म्हणणं होतं. "येशील ना गं?" असं तिने विचारल्यावर हिने "येशील ना म्हणजे काय, येणारच!" असं ठणकावून सांगितलं होतं. फोन ठेवला मात्र, हातपाय गार पडले. हिला घराच्या गच्चीवरून खाली बघायचीसुद्धा छाती होत नव्हती.

"घड्याळ दुरुस्त करून मिळेल?" त्याने विचारलं.

"बाहेर पाटी तरी तशीच आहे."

"विमानाचं आहे."

तिच्या हातातला चिमटा खणकन खाली पडला. आता विमानं दुकानात येऊन घाबरवायला लागली की काय!

त्याने टॉवेल उलगडला. आत काळ्या तबकडीचं गोल घड्याळ, मागे वायरींचं शेपूट. "घाबरू नका, विमान घरीच असतं. मागच्या खोलीत." तो हसला, आणि हसताना एकाच गालावर खळी पडली... दुसऱ्या गालाला जणू कोणी कळवलंच नव्हतं. "मी दातांचा डॉक्टर. पुढच्या चौकात दवाखाना आहे. दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा मी उडतो. सिम्युलेटर. खुर्ची, दांडा, काटे, सगळं खऱ्यासारखं. फक्त ते जागचं हलत नाही."

"असलंच विमान मला हवंय," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. तक्रार काय घड्याळाची?"

"कधीही बसा, पावणेसात दाखवतं. सकाळचे. खिडकीबाहेर भर दुपार आणि माझ्या विमानात सूर्य आत्ता उगवतोय!"

तिने घड्याळ उघडून बघितलं. ते ठणठणीत होतं. बाबांनी आपल्या खुर्चीतूनच चष्म्यावरून नजर टाकली. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग हिच्याकडे. "रोग घड्याळात नाही. त्याला वेळ कोण देतं ते बघायला पाहिजे," ते म्हणाले. "जाऊन बघून ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घड्याळ घेऊन गेली, तेव्हा दार त्याच्या आईने उघडलं. "या, विमानतळावर स्वागत आहे. चपला काढा, आमच्याकडे एवढीच तपासणी असते." मागच्या खोलीत प्लायवूडचं नाक, भंगारातून आणलेल्या बसच्या दोन खुर्च्या आणि समोर तीन मोठे पडदे. पडद्यांवर धावपट्टी कोवळ्या उन्हात न्हाऊन निघाली होती. खऱ्या खिडकीच्या फटीतून मात्र दुपारचं कडक ऊन आत येत होतं.

तिने घड्याळ जागेवर बसवलं, कॉम्प्युटरची वेळ बघितली, बरोबर. देशाची वेळ निवडलेली होती, तीही बरोबर. एकेक वायर हलवून बघितली. घड्याळ पावणेसातवरून निघायचं आणि पुढे अगदी चोख चालायचं. बंद करून सुरू केलं की पुन्हा पावणेसात.

"म्हणजे कॉम्प्युटर दुपार म्हणतोय आणि विमान त्याचं ऐकत नाही," ती म्हणाली.

"हट्टी आहे जरा."

"मालकाच्या वळणावर गेलेलं दिसतंय."

"मालक कुठे हट्टी आहे? मालक तर म्हणतोय, दमला असाल, जरा खुर्चीत बसा."

ती बसली, आणि तिथेच चुकलं. त्याने कसलीशी मूठ पुढे ढकलली. खोलीभर घरघर सुरू झाली, धावपट्टी अंगावर धावून आली, जमीन खाली गेली... आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली. स्वयंपाकघरातून त्याची आई धावत आली. "काय रे, दात काढतोयस की काय तिचा?"

त्याने सगळं बंद केलं. तिला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि त्या रडण्यातच सगळं बाहेर पडलं. गुरुवार, ताई, तिकीट, आणि ऐन वेळी पाय गळाले तर ताई त्या परक्या शहरात एकटी बाळंत होईल ही रात्रंदिवस छळणारी धास्ती.

तो हसला नाही. "भीतीवर तर माझं पोट चालतं," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे येणारा प्रत्येकजण घाबरलेला असतो. मी एवढंच करतो, पुढे काय होणार ते त्यांना आधी सांगतो. ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती थोडी कमी वाटते. बघायचं?"

त्याने विमान पुन्हा सुरू केलं. "आता खडखड होईल... ती धावपट्टी. आता पाठ खुर्चीला टेकेल... टेकू द्या. आता पोटाखाली दण्णकन आवाज – ती चाकं आत गेली. घाबरायचं काही नाही... म्हणजे, घाबरा, पण कारण दुसरं शोधा." बोलताना त्याने आपला हात दोन खुर्च्यांच्या मधल्या दांडीवर ठेवला होता, तळवा वर करून, उघडा. हात धरा असं तो म्हणाला नाही. तिनेही धरला नाही. पण तो तिथे आहे, हे तिला सबंध वेळ ठाऊक होतं.

"तुम्ही बरेचदा गेला असाल ना विमानाने?" तिने विचारलं.

"या मार्गावर?" तो एक बटण पुसायला लागला. "मोजलं नाही कधी."

मग ती रोज दुपारी जायला लागली. निमित्त घड्याळाचं. बाबा विचारत, "सापडला का दोष?" ती म्हणे, "अवघड आहे हो, बाबा." बाबा "असणारच" म्हणत आणि भिंग डोळ्याला लावत. भीती काही गेली नव्हती, पण ती आता त्याच्या आवाजात बोलायला लागली होती. रात्री अंथरुणात छाती धडधडली की तिला ऐकू यायचं... ती चाकं आत गेली, घाबरा, पण कारण दुसरं शोधा. आणि दुसरं कारण तिला सापडत चाललं होतं. गुरुवारनंतर या खोलीत यायला निमित्त उरणार नव्हतं.

बुधवारी तो चहा आणायला आत गेला असताना ती एकटीच पडद्यासमोर बसली. सहज तिने नेहमीच्या जागी बोट न ठेवता 'नवीन उड्डाण' निवडलं. क्षणभर अंधार झाला... आणि धावपट्टीवर लख्ख दुपार पसरली! काळ्या तबकडीवरचे काटे फिरले आणि तिच्या मनगटावरच्या वेळेशी जुळले.

"सापडलं!" ती ओरडली. तो कप घेऊन दारात उभा होता. "अहो, घड्याळाचा दोषच नाही. तुम्ही रोज तेच एक साठवलेलं उड्डाण उघडता. त्यात नुसती विमानाची जागा नाही, वेळही साठवलेली असते. तारीखसुद्धा! तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे त्यात. नवीन उघडलंत की संपलं."

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने कप खाली ठेवले, आणि बशीत चहा सांडला.

"मला वाटायचं, फक्त जागा साठवलीय," तो म्हणाला.

"पण रोज तेच का उघडता?"

"त्या दिवशी... सकाळी माझं विमान होतं. खरं. दूर एक चांगली नोकरी लागली होती. विमानाच्या दारापर्यंत गेलो. सगळे आत चढले. आणि मी मागे फिरलो. घरी सांगितलं, नोकरीच आवडली नाही. तेव्हापासून रोज तिथूनच सुरुवात करतो. वाटतं, आज चढेन."

ती खुर्चीतून उठली. "मग नंतर कितीदा बसलात विमानात? खऱ्या?"

त्याने मान खाली घातली. "एकदाही नाही. त्याआधीही नाही."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी. इतके दिवस ज्याच्या धीरावर ती उभी होती, तोच मुळात उभा नव्हता. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा आणि वर म्हणावं, पुढे खड्डा नाही हं! "मी उद्या तुमच्या भरवशावर जाणार होते!" तिचा आवाज फाटला. "ते आवाज, ती चाकं... सगळं वाचून पाठ केलेलं?"

"आवाज खरे आहेत," तो कसाबसा म्हणाला. ती तोवर चपला घालून रस्त्याला लागली होती.

गुरुवारी बाबांनी तिला विमानतळाच्या दारात सोडलं. "घड्याळ झालं दुरुस्त?"

"झालं."

"मग तोंड का असं उतरलंय?" असं विचारून उत्तराची वाट न बघता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे सगळं एकटीने करायचं होतं. बॅग, रांग, तपासणी... तिच्या हाताला सुटलेल्या घामाने कागद ओला झाला. मागे फिरलं तर काय होईल, हा एकच विचार डोक्यात घिरट्या घालत होता. काय होईल? काही नाही. ताई एकटी पडेल, आणि आपण रोज दुपारी हाच क्षण उघडून बसू.

विमानात सोडायच्या दाराशी रांग लागली होती, आणि रांगेच्या बाजूला खांबाला टेकून तो उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. खांद्याला छोटी पिशवी.

"तुम्ही?"

"काल तुम्ही गेल्यावर तिकीट काढलं," तो म्हणाला. ओठ सुकलेले. "म्हटलं, खोटं बोललो त्याची भरपाई म्हणून तरी शेजारी बसेन. इथवर आलो. पण पाय..." तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. "तुम्ही जा. ताई वाट बघत असेल. माझं हे असंच."

रांग संपली. दारातल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. ती सहज पुढे जाऊ शकली असती. तिला राग आठवायचा होता, पण आठवेना. इतकं घाबरून तिच्यासाठी आजवर कोणी कुठे आलं नव्हतं. ती स्वतः त्याच्याइतकीच घाबरली होती, आणि तरीही, नाही, त्यामुळेच, तिने हात पुढे केला. तळवा वर करून.

"मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली. "एकटीला नाही झेपायची. चला."

त्याने हात धरला. तो बर्फासारखा गार होता. दोघं त्या दारातून कशी गेली ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही.

त्याची जागा बरीच मागे होती. तिच्या शेजारच्या मावशींनी दोघांच्या चेहऱ्यांकडे, मग घट्ट धरलेल्या हातांकडे बघितलं आणि त्या उठल्या. "बसा बाई दोघं. नवीन लग्न दिसतंय." कोणीही ती चूक दुरुस्त केली नाही.

खडखड झाली. पाठ खुर्चीला टेकली. पोट कुठेतरी खालीच राहिलं. त्याने डोळे गच्च मिटले होते आणि तो तोंडातल्या तोंडात बोलत होता. "हात सोडू नकोस हं... सोडू नकोस."

'सोडू नकोस.' तिला ते एवढ्या आवाजातही स्वच्छ ऐकू आलं. "नाही सोडत," ती म्हणाली. "पण तू माझं बोट मोडू नकोस."

मग खाली शेतांचे तुकडे, मग ढग, आणि ढगांच्या वर इतका उजेड की तिला रडूच आलं. भीती अजून होती. दर धक्क्याला ती वर यायची. पण त्याचा श्वास आता सावकाश चालला होता आणि एक डोळा किलकिला झाला होता.

"तू परत कधी येणार?" त्याने विचारलं.

"बाळ महिन्याचं झाल्यावर."

त्याने मनाशी हिशोब केला. मग एकदम ताठ बसला, चेहरा पुन्हा पांढरा. "म्हणजे मी... परत जाताना एकटा?"

तिला हसू फुटलं. घाबरण्याच्या भरात या शहाण्याने परतीचा विचारच केला नव्हता! "रेल्वेने जा ना," ती म्हणाली. "कोणाला सांगणार नाही मी."

तो खिडकीकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. "विमानानेच जाईन. आणि महिन्याने तुला न्यायला येईन... तेही विमानाने."

"म्हणजे अजून तीनदा? जाताना, येताना, आणि परत?"

"तीनदा. दोनदा एकटा मरेन भीतीने." त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला. "तिसऱ्यांदा तू असशील शेजारी. तेवढ्यासाठी आधीचं चालेल मला."