येतो गं, आत्या

भोंग्याचा आवाज दुपारीच बसला. सकाळपासून टेम्पोच्या टपावर कर्णा बांधून तो किनाऱ्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत होता. संध्याकाळी चक्रीवादळ येतंय, गॅस नि वीज बंद करा, औषधं आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, शाळेच्या इमारतीत चला. एरवी लग्नात नि सभांत कर्णे लावून देणारा हा माणूस. आवाज असा, की माईक नसता तरी चाललं असतं. म्हणून तर गावाने नावच भोंगा ठेवलं.

शेवटचं घर आत्याचं. बंधाऱ्याला पाठ लावून बसलेलं, पत्र्याचं. आई गेल्यावर भोंग्याला तिनेच वाढवलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला नळापर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागे. ती उंबऱ्यात बसली होती, गाठोडं मांडीवर, देवाचं गाणं गुणगुणत.

"आलास? दे हात."

टेम्पोत मागे माणसं दाटीवाटीने उभी होती. पुढे, भोंग्याशेजारच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेला नवा ॲम्प्लिफायर होता. तान्ह्या पोरासारखा जपलेला. तो मागे कुणाच्या हाती देऊन आत्याला बसवता आलं असतं. भोंग्याच्या मनात ते आलंही. पण पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले होते, आणि मागे सगळ्यांचे कपडे ओले.

"गाडी भरलीय गं. तू आवरून बस. येतो."

"येतोस ना?"

"येतो गं, आत्या."

निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे तिनेच त्याला शिकवलेलं. शाळेला निघालेलं पोर चुकून 'जातो' म्हणालं की ती दारातून परत बोलवी. "निघताना बोललेलं कुणीतरी ऐकत असतं, लेका." मग आत्ताचा 'येतो' नुसता निरोप होता की वचन? भोंग्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. गाडी वळवताना आरशात आत्या दिसली. सीटकडे एकदा बघून तिने गाठोडं जवळ ओढलं. तिने वचनच धरलं होतं.

शाळेच्या वरच्या मजल्यावर बाकं भिंतीला लावून माणसं बसली होती. बायकोने विचारलं, "आत्या कुठायत?"

"मागच्या गाडीने येतेय." घशातून नुसती फुसफुस निघाली.

"मागची गाडी कुठली हो? गाडी तर एकच."

तो किल्ली घेऊन खाली आला. तेवढ्यात फाटकापलीकडे झाड विजेच्या तारांसकट रस्त्यावर आडवं झालं. मुख्याध्यापिका बाईंनी दार लावून घेतलं. "आता कुणी बाहेर पडायचं नाही. एकाला आणायला दुसरा जाईल, दुसऱ्याला तिसरा. मग मी कुणाकुणाला शोधू?"

भोंगा जिना चढून वर आला. आणि देवाशपथ, त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. आता तो गेला नाही असं कुणी म्हणणार नव्हतं. रस्ताच बंद होता.

थोड्या वेळाने जाळी विणणारा म्हातारा बायकोला घेऊन मागच्या कुंपणातून आत आला. दोघंही निथळत होती. "तुमचे उपकार हो. आम्ही घरातच बसणार होतो. तुम्ही बंधाऱ्याशी ओरडत होतात म्हणून निघालो."

"कधी?"

"हे काय, आत्ता."

"मी तर दुपारपासून इथेच."

म्हातारा हसला. "मग जुळा भाऊ असेल. पण त्याचा घसा तुमच्यासारखा बसलेला नाही बरं का. ठणठणीत."

वारा वाढला. खिडक्यांच्या काचा दातांसारख्या वाजू लागल्या. कुठले तरी पत्रे उडत गेले. बायको खिडकीला कान लावून उभी होती. "अहो, तुमचा आवाज रेकॉर्ड करून लावून ठेवलाय का कुठे?"

त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कर्णा तिथे उपडा होता, ॲम्प्लिफायर चादरीतच. वायर सुटी.

मग वारा थांबला. एकदम, दार लावल्यासारखा. बाहेर पिवळा उजेड पडला. माणसं उठली, चपला शोधू लागली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वादळ संपलेलं नाही. हा त्याचा डोळा आहे. आता उलट्या बाजूने येईल, कदाचित जास्त जोरात. भोंगा, सांगा यांना."

त्याने तोंड उघडलं. नुसती हवा.

आणि बाहेरून, सावकाश, स्वच्छ, शब्द आले.

"बाहेर पडू नका. वारा परत येणार आहे."

कुणीही खिडकीकडे बघितलं नाही. सगळे भोंग्याच्या ओठांकडे बघत होते.

खाली दार वाजलं.

बाईंनी उघडलं. आत्या उभी होती, एकटी. गाठोडं कोरडं. पाऊलसुद्धा भिजलेलं नाही.

"कुणी आणलं, आजी?"

"कुणी म्हणजे? ह्याने. सबंध रस्ता बडबडत होता मेला. हात मात्र बर्फ नुसता." तिने भोंग्याचा हात धरला. तो गरम होता. तिने तो हळूच सोडला.



"मग दारातून वळताना," ती म्हणाली, "तो 'जातो' का म्हणाला?"

उलटा वारा आला तेव्हा बंधाऱ्याजवळचं घर पायासकट गेलं. शाळेतलं एकही माणूस दगावलं नाही.

डॉक्टरांनी भोंग्याचा घसा दोनदा तपासला. "काही झालेलं नाही. बसलाय नुसता. येईल."

आत्या आता भोंग्याकडेच असते, किनाऱ्यापासून लांब. टेम्पोतली पुढची सीट तो रिकामी ठेवतो. संध्याकाळी ती उंबऱ्यात बसून देवाचं गाणं गुणगुणते आणि तो मुकाट शेजारी बसतो. समुद्राकडून वारं सुटलं की तिचं गाणं मध्येच थांबतं. ती मान कलती करते.

मग त्याच्याकडे न बघता गाठोडं मांडीवर ओढून घेते.

"हो रे लेका," ती म्हणते. "आवरूनच बसलेय."