पिंपाजवळ थांबलेली मुलगी

ज्या माणसाच्या मी प्रेमात पडले, तो मला पहिलं वाक्य बोलला ते असं : "उलटी येत असेल तर डावीकडे बादली आहे."

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातली गोष्ट. डिसेंबरची सकाळ. धुकं इतकं, की टॅक्सीवाल्याने मला आधी एका टायरच्या गोदामात सोडलं आणि तिथे मी दहा मिनिटं मन लावून इंटरव्ह्यू घेतला. साठ वर्षांची परंपरा कशी टिकवलीत, असं विचारल्यावर ते लोक गोंधळले. मग कळलं, की मला हवी असलेली ऊदाची भट्टी शेजारी आहे. टायरवाल्यांनी चहा पाजला होता. त्यांचे आभार.

भट्टी मात्र खरंच साठ वर्षांची. खैरुद्दीन नावाचे दाभोळचे एक गृहस्थ गलबतातून इकडे आले, आसामातून येणारं सुगंधी लाकूड भिजवून, तांब्याच्या डेगेत उकळून त्याचं तेल काढायला लागले. मग त्यांचा मुलगा तेच करू लागला, मग नातू. बादली दाखवणारा तो नातू. अर्श. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवईवर लाकडाचा भुसा आणि चेहरा आधीच माफी मागून मोकळा झालेला.

"लाकडाचा चुरा या पिंपात दोन महिने सडतो," तो म्हणाला. "तेल सुंदर निघतं. पण झाकण उघडलं की... म्हणजे... सॉरी."

त्याने झाकण उचललं. भट्टी बघायला आलेलं एक टुरिस्ट जोडपंही तिथे होतं. नवरा बायकोला तिथेच सोडून पळाला. बायको त्याला दारात ओलांडून पुढे गेली.

मी वाकून आत पाहिलं. तपकिरी पाणी, वर बुडबुडे. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "छान आहे. मऊ आहे. जरासं... राजेशाही."

अर्शच्या हातून झाकण निसटलं आणि त्याच्याच पायावर पडलं. झाकण लोखंडी होतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. पायाकडे त्याचं लक्ष बहुतेक दुपारी गेलं असावं.

इथे एक खुलासा करते. मला वास येत नाही. तीन वर्षांपूर्वी ताप आला, त्यात वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल इन्शाल्ला. अजून तरी आलेला नाही. आणि माझी नोकरी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका परफ्यूम वेबसाइटसाठी सुगंधांची वर्णनं लिहिण्याची. नोकरी आधी लागली, वास नंतर गेला, त्यामुळे यात मी केलेली फसवणूक फक्त नंतरची आहे. एका बाटलीबद्दल मी लिहिलं, 'कुणालातरी माफ केल्यानंतरची दुपार', आणि ती आठवड्यात संपली. आमच्या मुग्धा मॅडम सगळ्या टीमसमोर म्हणतात, "इन्शाचं नाक म्हणजे आपलं ॲसेट आहे." मी नम्रपणे मान खाली घालते.

"दादी," अर्शने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "जरा बाहेर ये. एक मुलगी पळाली नाहीये."

त्याची दादी, मैमुनाबी, चष्मा पुसत आल्या. माझ्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"कुठची गो तू?"

"आम्ही श्रीवर्धनचे. आता शारजात असतो."

"लग्न झालंय?"

"दादी, ती वेबसाइटसाठी आलीय," अर्श म्हणाला.

"वेबसाइटवाल्यांची लग्नं होत नाहीत?"

प्रकार असा होता. या घरात मुलगी बघायला जात नाहीत. मुलीला भट्टीवर बोलावतात आणि पिंप उघडतात. नवऱ्याच्या कपड्यांना, केसांना, उशीला जन्मभर हाच वास येणार, तर तिला आधीच कळलेलं बरं, हा खैरुद्दीनदादांचा नियम. मैमुनाबी स्वतः ओढणी नाकाला लावून का होईना, पण उभ्या राहिल्या होत्या. अर्शसाठी नऊजणी येऊन गेल्या. त्यातल्या इनायाला पिंपासमोरच आठवलं, की अजमानच्या घरी गॅस चालू राहिलाय. ती अजून बंद करतेय. त्या नऊजणींचे मी आजही मनापासून आभार मानते.

पुढच्या शनिवारी मी "थोडी माहिती कमी पडली" म्हणून गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी "थोडी जास्त झाली" म्हणून. मग कारण सांगणं मी बंद केलं आणि विचारणं त्याने.

डेगेतून निघालेली तांब्याची नळी गार पाण्याच्या टाकीत उतरायची. "हात लाव," तो म्हणाला. "वर गरम, खाली गार. मध्ये कुठेतरी वाफेचं पाणी होतं. सापडतंय का बघ."

मी वरून बोटं सरकवत निघाले. तो खालून निघाला, माझं बरोबर येतंय का ते तपासायला म्हणे. मध्ये कुठेतरी बोटं भेटली. वाफेचं पुढे काय झालं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

"हे तू सगळ्या टुरिस्टांना दाखवतोस?" मी विचारलं.

"नाही. त्यांना ब्रोशर देतो."

"मला नाही दिलंस."

"संपलीत."

त्याच्या मागे ब्रोशरचे दोन खोके होते. वरचा उघडा होता.

मग त्याने मला कान लावून ऐकायला शिकवलं. तेल पडायला लागलं, की थेंबाचा आवाज बदलतो, जड होतो. मी डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा तो नळीकडे बघत नव्हता.

"तुला खरंच आवडतो हा वास?" त्याने हळूच विचारलं.

"का रे?"

"शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. बसमध्येही शेजारची सीट रिकामी. सवय झाली... म्हणजे, व्हायला हवी होती." तो भुसा झटकायला लागला, जो तिथे नव्हता. "आणि तू एकदम वाकून आत बघितलंस."

खरं सांगायची वेळ ती होती. मला स्पष्ट दिसत होती. मी म्हणाले, "चहा मिळेल का?"

सहाव्या शनिवारी मैमुनाबींनी मला शेजारी बसवून घेतलं. दर जानेवारीत तीन डेगांचं तेल तीन बाटल्यांत समोर ठेवायचं. एकाच बाटलीला खैरुद्दीनदादांचं नाव मिळतं, बाकीचं साध्या लेबलावर जातं. निवड घरच्यांनी करायची नाही, कारण त्यांची नाकं त्याच वासात मुरलेली. बाहेरच्या माणसाने करायची.

"यंदा तू," दादी म्हणाल्या. "आणि सांभाळून हं बाय. एक डेग तळाला लागलीय असा मला संशय आहे, पण आमच्या नाकांना फरक कळेना. नऊशे दिरहम तोळा जातं ते, म्हणजे आपले एकवीस हजार. पैशाचं सोड. करपलेल्या तेलावर ह्यांचं नाव लागलं, तर वर गेल्यावर मी काय तोंड दाखवू?"

"ती बरोबर ओळखेल," अर्श म्हणाला. इतक्या विश्वासाने, की मला शेजारच्या टायरच्या गोदामात जाऊन राहावंसं वाटलं.

तो आठवडा मी घरात सगळं हुंगत फिरले. मसाल्याचे डबे, मोजे, अब्बांचं नवं पाकीट. अम्मीने दोनदा वाफारा दिला, एकदा नजर उतरवली. काही आलं नाही. सांगितलं तर अर्श जाणार. नाही सांगितलं तर एका गेलेल्या माणसाचं नाव करपणार.

शनिवारी तीन बाटल्या पितळी तबकात मांडल्या होत्या. दादींनी नवी ओढणी घेतली होती. अर्श इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता, माझाच रिझल्ट असल्यासारखा.

मी पहिली बाटली उचलली. तीनात एक. कॉलेजात मी याहून वाईट शक्यतांवर पास झाले होते. बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, ओठांवर वाक्य तयार होतं... आणि मी बाटली खाली ठेवली.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. "कसलाच. तीन वर्षं झाली."

मग अर्श म्हणाला, "पहिल्या दिवशी? पिंपाजवळ?"

"काही आलं नव्हतं."

"तू म्हणालीस, मऊ आहे."

"ते... मी कामावर असते तेव्हा असंच बोलते."

त्याने मान हलवली, जणू हिशेब जुळला, आणि मागच्या दाराने निघून गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

खलास, मी मनात म्हटलं आणि पर्स उचलली.

"बस," मैमुनाबी म्हणाल्या. "मागे माझं सांदण खाऊन छान म्हणालीस, ते?"

"ते मऊ होतं, दादी. ते खरं आहे."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "ह्यांच्या नावाचं खोटं बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "तुझे मी आभार मानते, गो." आभार मानायचे माझे होते, पण मला रडू यायला लागल्यामुळे ती संधी गेली.

बाहेर पाण्याचा टँकर आला. दादींनी खिडकीतून ड्रायव्हरला आत बोलावलं. मुझम्मिल नाव, महाडचा. चप्पल दारात काढून त्याने तिन्ही बाटल्या हुंगल्या.

"हे ठीक. हे करपलंय. हे एक नंबर. टाकी भरू का?"

साठ वर्षांची परंपरा चाळीस सेकंदांत पार पडली. आता दर जानेवारीला त्यालाच बोलवायचं ठरलंय.

अर्श मागच्या पायरीवर बसला होता. मी दोन पायऱ्या सोडून वर बसले.

"म्हणजे हा वास आवडणारा माणूस जगात एकही नाही," तो समोर बघत म्हणाला.

"नाही. पण त्याची अजिबात अडचण नसलेली एक आहे."

तो माझ्याकडे वळला. "मग इतके शनिवार का येत होतीस?"

"पहिल्या दिवशी थांबले, कारण पळायचं कारण कळलं नाही," मी म्हणाले. "नंतर आले ती तुझ्यासाठी. त्याला नाक लागत नाही, अर्श."

धुकं विरत होतं. कुठल्यातरी शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. दोनदा ठोकून थांबलं.

"मी दर शनिवारी तीनदा आंघोळ करायचो," तो शेवटी म्हणाला. "लिंबू चोळून. तू येणार म्हणून."

"मला वाटलं, तुला कातडीचा काही आजार आहे. कोपरं लाल दिसायची."

"लिंबाने होतं तसं."

"किती लिंबं?"

"सहा... सात."

मी हसले. मग तोही हसला, आधी नाइलाजाने, मग चांगलाच. आणि सरकून एक पायरी वर आला.

(मुग्धा मॅडमना मी सोमवारी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपण ऑनलाइन आहोत. गिऱ्हाईकाला तरी कुठे वास येतोय?" त्यांचेही आभार.)

अर्शने आतून ती एक नंबर बाटली आणली. काचेच्या काडीने एक थेंब माझ्या मनगटावर ठेवला. थेंब कोमट होता.

"तू सगळ्यांना वर्णनं लिहून देतेस," तो म्हणाला. "आज मी सांगतो. मला बोलता येत नाही फारसं, पण... ऐक." त्याने माझं मनगट नाकाजवळ नेलं. "आधी गोठा. खोटं नाही सांगणार. मग... थांब... चामडं. जुनं, वापरलेलं. आता मध यायला लागलाय, पण लांबून."

"पुढे?"

"पुढचं यायला दोन तास लागतात."

"मला घाई नाही."

आम्ही बसून राहिलो. दर दहा मिनिटांनी तो वाकायचा आणि गंभीरपणे कळवायचा. सुकामेवा आला. गोठा गेला. मला काहीही येत नव्हतं आणि एकही गोष्ट चुकत नव्हती. त्या तापाचेसुद्धा मी तिथे बसून आभार मानले.

"आता तेलाच्या खाली तुझा वास येतोय," तो म्हणाला.

"कसा आहे?"

तो परत एकदा वाकला. मग मनगट तसंच धरून म्हणाला, "अब्बा लाकूड घ्यायला आसामला गेलेत. पुढच्या आठवड्यात येतील. त्यांना घेऊन शारजाला... तुमच्या घरी... येऊ का?"

मला शब्दांचा पगार मिळतो. त्या वेळी एकच सापडला.

"अल्हम्दुलिल्लाह," मी म्हणाले.

"हा होकार समजू?"

"समज," खिडकीतून दादी म्हणाल्या. "आणि आता तिचा हात सोड, मी चहा घेऊन येतेय."