देल्मिरामावशीच्या चुलीजवळची खुर्ची

त्या गुरुवारी ओतिलिया बार्रिया देल्मिरामावशीकडे गेली ती बटाट्यांची पिशवी पोचवायला. कॅमेरा गळ्यात होताच. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो तिच्या गळ्यात असायचाच. आमच्या बेटावर लोक म्हणायचे, ही बाई अंघोळीलासुद्धा कॅमेरा घालून जाते.

देल्मिरामावशीचं लाकडी घर उतारावर, खाडीकडे तोंड करून उभं होतं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, एकटीच राहायची. स्वयंपाकघरात लोखंडी चूल दिवसभर धगधगत असे आणि चुलीच्या उजव्या अंगाला उंच पाठीची एक खुर्ची असे. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. एखादं पोर चुकून टेकलं तर मावशी म्हणायची, "तिथे नको रे राजा. जागा धरलेली आहे."

जागा धरलेली होती फिदेलसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. त्रेपन्न वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिन्यात, तो इथल्या पुरुषांबरोबर मेंढ्या कातरायला खाली पातागोनियात गेला. फेब्रुवारी संपता संपता बाकीचे परतले. फिदेल मागून निघतो म्हणाला होता, एवढंच त्यांनी सांगितलं. तो आला नाही. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी वावडी उठवली की सीमेपलीकडे रिओ गायेगोसला त्यानं दुसरं बिऱ्हाड थाटलंय, दोन पोरंही झालीत. पाहिलं कुणीच नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. बायका तोंडावर विचारायच्या, "काय देल्मिरा, सवतीचं पत्र आलं का गं?" मावशी तडक चालू लागायची. घरी येऊन चुलीत लाकूड सारायची आणि खुर्ची पुसायची.

"मावशी, तुमच्या खुर्चीचा फोटो काढू?" ओतिलियानं विचारलं. "आमच्या फोटोमंडळाची स्पर्धा आहे. विषयच दिलाय, 'रिकामी खुर्ची'."

"काढ की. रिकामीच तर आहे मेली." मावशीनं 'माते' चहाचा वाडगा तिच्या हातात दिला आणि पाठ वळवून पाणी तापवायला लागली.

दुपारचे बारा वाजले होते, पण धुक्यामुळे खिडकीतून नुसता राखाडी उजेड झिरपत होता. ओतिलियानं अकरा फोटो काढले. काढताना ओल्या लोकरीचा उग्र वास आला. मावशीनं कातडं वाळत घातलं असेल असं तिला वाटलं. वळून बघितलं तर दोरीवर काहीच नव्हतं.

शनिवारी मंडळ जमलं. खाडीपलीकडच्या गावात, अग्निशमन दलाच्या वरच्या खोलीत पाच-सहा जण जमतात, तेच मंडळ. रेनान मास्तर त्याचे म्होरके. चाळीस वर्षं त्यांनी ओळखपत्रांचे फोटो काढले, अख्ख्या बेटाचे चेहरे त्यांना पाठ. ओतिलियानं तीन फोटो मांडले: न्हाव्याची खुर्ची, देवळातली पाद्रीबाबांची खुर्ची, आणि ही.

मास्तरांनी पहिला फोटो बाजूला सारला. "हे पोस्टकार्ड झालं." दुसरा उचलून परत ठेवला. "चांगला आहे. पण हिच्यावर कधी कुणी बसलंच नसेल असं वाटतं." तिसऱ्यावर मात्र त्यांचं बोट थांबलं. "ही बघ. हिच्यावरून कुणीतरी उठून गेलंय. हाच पाठव."

"अंधारलाय ना पण?"

"अंधारलाय खरा. चुलीशेजारचा भाग पार गिळलाय. घरी जाऊन जरा उजेड उपस. बेतानं हं, ओतिलिया. अंधार विहिरीसारखा असतो, फार उपसलास तर गाळ वर येतो. आणि नियम लक्षात ठेव, नसलेलं घालायचं नाही, असलेलं पुसायचं नाही. बुधवारपर्यंत दे."

तीन वर्षं ती फोटो पाठवत होती. कास्त्रो शहरातल्या मोठ्या दालनात तिचा एकही फोटो लागला नव्हता. परत येताना ती लाँचच्या कठड्याला टेकून स्वतःशीच हसत होती.

रविवारी जेवण उरकून ती लॅपटॉप उघडून बसली. बाहेर पाऊस बारीक पण न थांबता पडत होता. आधी तिनं फोटो सरळ केला, खिडकीची चौकट किंचित कलली होती. मग डावीकडचं कपाट कापून टाकलं. खुर्ची मधोमध न ठेवता थोडी उजवीकडे घेतली. आता फोटो श्वास घेतोय असं वाटायला लागलं. मग तिनं सावल्या उजळायची पट्टी हळूच सरकवली.

खुर्चीची पाठ दिसली. पाठीवर काहीतरी तपकिरी होतं.

लाकडाचा रंग असेल. तिनं पट्टी आणखी सरकवली. तपकिरी रंगाला घड्या पडल्या. घड्यांमधून जाड लोकरीची वीण दिसायला लागली... मग त्याखाली दोन हात. एकावर एक ठेवलेले, मोठे, कष्टाचे हात. गुडघे. चिखलानं भरलेले बूट. लोकरी पोंचो अंगावर घेतलेला एक माणूस मान खाली घालून खुर्चीवर बसला होता. चुलीजवळ बसला होता तरी त्याच्या पोंचोच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. हॅटखाली चेहरा असायला हवा तिथे, कितीही उजळलं तरी, नुसती राख.

ओतिलियानं बाकीचे दहा फोटो उघडले. दहाही उजळले. सगळ्यांत तो तसाच बसलेला. शेवटच्या फोटोत फक्त हनुवटी किंचित वर आली होती, कुणी नाव घेतल्यावर माणूस मान उचलतो तशी.

खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता.

ती उठली, मागचं दार लावून आली, खांद्यावर शाल घेतली. घाबरलेलं माणूस जे करतं तेच तिनं केलं: कामाला लागली. नियम असेल, पण कोण बघतंय? पुसून टाकायचं, की झाली खुर्ची रिकामी. तिनं ब्रश घेतला आणि बुटांपासून सुरुवात केली. बूट गेले. एक गुडघा गेला. दुसऱ्यावर ब्रश ठेवला तोच फोन वाजला.

"पोरी..." देल्मिरामावशीचा आवाज बारीक झाला होता. "तू काय करतेयस?"

"मी? काही नाही, मावशी. का?"

"काय माहीत... तुझीच आठवण झाली. स्वयंपाकघर एकदम गार पडलंय गं. चूल पेटलीय, पण ऊब नाही. कुणी कुणाला ओढून नेतंय, असं काहीतरी... मला भीती वाटतेय."

तिनं पुसलेलं सगळं एकेक करून परत आणलं. गुडघा आला, बूट आले.

पलीकडे मावशीनं मोठा श्वास सोडला. "हं... आता बरं वाटतंय. म्हातारपण, दुसरं काय. ठेवते."

सोमवारी सकाळी ओतिलियानं फोटो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि रेनान मास्तरांच्या घरी नेला. मास्तरांनी तो बराच वेळ बघितला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"विषय काय होता?"

"रिकामी खुर्ची."

"मग हा फोटो विषयात बसत नाही," ते हलकेच म्हणाले. "बाकीचं मला विचारू नकोस. चेहरा असता तर मी नाव सांगितलं असतं. ज्याच्या घरातला आहे त्याला नेऊन दाखव."

"आणि तिला धक्का बसला तर? काही झालं तर?"

"त्रेपन्न वर्षांत झालं नाही ते आज होईल? जा."

मंगळवारी दुपारी ती गेली. काय बोलायचं ते वाटेत चारदा ठरवलं आणि दारात विसरली. नुसता कागद पुढे केला. मावशीनं चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला. चुलीवर किटली खदखदत होती. ओतिलियाला वाटलं, आता किंचाळेल, आता खाली बसेल. मावशी तसं काहीच करत नव्हती. अंगठ्याच्या नखानं ती पोंचोचा काठ मोजत होती, एकेक गोंडा.

"चार बोटं," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"इथे, डाव्या अंगाला. चार बोटं काठ बांधायचा राहिलाय. मीच विणला होता ना हा. लाँच आली म्हणून खालून हाका मारत होते. मी म्हटलं, थांब, एवढे गोंडे बांधते. तो म्हणाला, आल्यावर बांध." तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दुसरी केली असती ना पोरी, तर तिनं हा काठ पुरा केला असता. कुठली बाई आपल्या माणसाला असं अर्धवट घेऊन फिरू देईल?"

ओतिलियानं वाकून तो काठ बघितला.

"आणि बघ किती भिजलाय. डोंगरातल्या बर्फात अडकला असणार, नाहीतर नदी ओलांडताना... येतच होता गं. येतच होता तो. आणि मी त्याला त्रेपन्न वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. खुर्ची पुसायची आणि शिव्या घालायची."

मग ती खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. रिकाम्या खुर्चीशी बोलताना तिचा आवाज तरण्या बाईसारखा झाला होता. "ऐकलंस ना, फिदेल? कळलं मला. गावाचं काय घेऊन बसलास, मला कळलं ना? आता शेकत बसू नकोस. जा, निज जाऊन."

किटलीचा आवाज थांबला. खुर्ची करकरली. भारदस्त माणूस हातावर जोर देऊन उठतो तेव्हा करकरते तशी, सावकाश, एकदाच. मग जमिनीच्या फळ्या, एकामागून एक. दाराची कडी आपली आपण उचलली गेली आणि दार उघडलं. धुकं उंबऱ्यावर आलं.

ओतिलिया भिंतीला चिकटून उभी होती. थोड्या वेळानं ती दार लावायला पुढे झाली.

"राहू दे उघडं," मावशी म्हणाली. "तो सावकाश चालतो."

दार उघडंच राहिलं. पंधरा मिनिटं, कदाचित अर्धा तास. मावशी रडली, हसली, नाक पुसलं. मग म्हणाली, "आता काढ तुझा फोटो. आता आहे खरी रिकामी."

ओतिलियानं दारासमोरच्या भिंतीशी ट्रायपॉड लावला. खुर्ची, तिच्यापुढची जमीन, मागे उघडं दार आणि दारातलं धुकं. एकच फोटो काढला. पायांना गार लागत होतं, घोट्यांशी कुणी ओला हात ठेवावा तसं. दार उघडं आहे म्हणून, असं तिनं मनाला सांगितलं.

तो फोटो तिनं जसा होता तसाच पाठवला. सावल्यांच्या पट्टीला हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

पुढचे नऊ दिवस मावशीच्या घरी फिदेलसाठी प्रार्थना झाल्या. ज्यांनी सवतीची पत्रं विचारली होती त्या बायका पाव आणि बटाट्याचे मिल्काओ घेऊन आल्या, कोपऱ्यात बसल्या, आणि एकीनंही मान वर केली नाही. मावशीनं सगळ्यांना वाढलं. दफनभूमीत एक क्रूस उभा राहिला. त्याखाली पुरायला काही नव्हतं, म्हणून मावशीनं तपकिरी लोकरीचे चार बोटं गोंडे बांधून पुरले.

महिन्याभरानं कास्त्रोच्या दालनात प्रदर्शन लागलं. ओतिलियाच्या फोटोला तिसरा क्रमांक मिळाला होता. मावशीनं ठेवणीतला कोट काढला, रेनान मास्तरांचा हात धरून लाँचमधून उतरली. भर दुपार, दालनात माणसंच माणसं, डोक्यावर लखलखीत दिवे. फोटो भिंतीवर हातभर रुंद झाला होता.

"तुझा फोटो जरा काळपट होता," मास्तर म्हणाले. "छापणाऱ्यांनी थोडा उजळून घेतला. छान केलाय."

ओतिलियाचे पाय जागीच थांबले. मावशी मात्र फोटोपाशी पोचली होती, नाक काचेला लावून बघत होती.

"अगं ये, ये! बघ तरी!" ती जवळजवळ ओरडलीच. "त्याची पावलं! हे बघ, ओली. खुर्चीपासून दारापर्यंत. गेला गं, गेला माझा माणूस."

खरंच होतं. फळ्यांवर बुटांचे मोठे, ओले ठसे होते. खुर्चीपासून निघून उंबऱ्याबाहेर, धुक्यात गेलेले. ओतिलियानं मावशीचा हात धरला. तिचेही डोळे भरून आले.

मग तिला दुसरे ठसे दिसले.

ते अनवाणी पायांचे होते, लहान, अरुंद. फिदेलच्या ठशांच्या शेजारून, पण उलट दिशेनं. उंबरा ओलांडून ते आत आले होते. खुर्चीकडे वळले नव्हते, चुलीकडे वळले नव्हते. जमिनीवरून सरळ चालत ते फोटोच्या खालच्या कडेपर्यंत आले होते आणि तिथे, जिथे त्या दिवशी ओतिलिया कॅमेरा लावून उभी होती, तिथे दोन्ही पावलं जोडून थांबले होते.

परत जाणारे ठसे कुठेच नव्हते.