पोळ्याला पस्तीस

चंद्रावरच्या हरितघुमटात दिवे उजळले, तरी त्या दिवशी एकही मधमाशी फुलावर गेली नाही. सगळ्या जणी पोळ्याच्या दाराशी रांग धरून पंखांनी वारा घालत होत्या, जणू आत कुणी तापानं फणफणलं होतं.

हेमांगीनं तापमापक पाहिला. अडतीस. हवं होतं पस्तीस. दुपारपर्यंत हे असंच राहिलं तर आतल्या नाजूक अळ्या दगावणार होत्या. पण पोळ्याला तर तिनं बोटही लावलं नव्हतं. मग ते तापलं कसं?

"ठोकळ्या, काय करून ठेवलंस?" ती यंत्रमानवावर खेकसली.

"तू सांगितलंस तेच."

यानं तर तिचं डोकं आणखीच तडकलं. तिनं सांगितलं होतं ते पाण्याचं. तिचा मोगरा पानं मुरडून बसला होता. पाणी वाढवा, असं तिनं नानांना तीनदा विनवलं. नाना तिचे आजोबा; हा घुमट त्यांनीच उभारलेला. तिन्ही वेळा ते नुसतं "बघू" म्हणाले. चौथ्या "बघू"ला ती तणतणत उठली आणि कमांड लाइनसमोर (टाइप करून यंत्राला हुकूम द्यायच्या पडद्यासमोर) बसली. घुमटाची मांडणी-फाईल (यंत्रांनी कसं वागायचं ते ओळीओळीनं लिहिलेला साधा मजकूर) तिला ठाऊक होती. पाणी पाच मिनिटं पडे, तिला आठ हवी होती. तिनं ठोकळ्याला हुकूम दिला: ५ शोध, तिथे ८ लिही, सगळीकडे.

नाना धावत आले. फाईल उघडली.

पाणी_मिनिटे = ८
रोप_ऊब = २८
पोळे_ऊब = ३८

पाहताच त्यांच्या कपाळाची शीर उडू लागली. शोध-बदल करणाऱ्या अवजाराला ऊब कळत नाही की पाणी, ते म्हणाले. त्याला फक्त अक्षरं दिसतात. पस्तीसच्या पोटातही पाच बसलेला असतो. त्यानं तोही उचलला.

"मग उलटं करते," हेमांगी फणकारली. "८ शोध, ५ लिही. झालं."

नानांनी तिचं मनगट धरलं. "रोपांची ऊब काल किती होती?"

तिनं आठवून पाहिलं. अठ्ठावीस. तो आठ आधीपासूनचा होता. उलट हुकूम दिला असता तर रोपं पंचविसावर गारठली असती. जुना आठ कुठला अन् नवा कुठला, हे फाईल सांगत नाही. आणि बदलापूर्वीची प्रत तिनं ठेवलीच नव्हती.

"चुकलीस म्हणून नाही रागावलो," नाना धारदार आवाजात म्हणाले. "ठोकळ्यावर ढकललंस म्हणून रागावलो. आता सांग, खरे आकडे कुठून आणायचे?"

तिचे डोळे भरून आले, रागानंच. कामाची पाळी बदलताना नाना प्रत्येकाला एक ओवी म्हणायला लावत. अकरा वर्षांच्या मुलीला ही बडबड कशाला, म्हणून ती रोज धुसफुसायची. आज तिनं ती दातओठ खात म्हटली:

पोळ्याला पस्तीस बाई, रोपाला अठ्ठावीस,
पाच मिनिटं पाणी घाल, नको घालू वीस.

नानांनी सरकून तिला पडद्यासमोर जागा करून दिली. हेमांगीनं आधी फाईलची प्रत काढली. मग हुकूम नेमका केला: जी ओळ 'पोळे_ऊब'नं सुरू होते, फक्त त्याच ओळीत ३८ च्या जागी ३५. तोही लगेच फाईलमध्ये उतरवला नाही. बदल कसा दिसेल ते पडद्यावर पाहिलं. एकच ओळ बदलली होती. मगच तिनं तो पक्का केला.

सदतीस. छत्तीस. पस्तीस. दारातले पंख एकेक करून थांबले. एक माशी उठली आणि थेट मोगऱ्याकडे गेली.

"ठोकळ्या, माझं चुकलं," हेमांगी पुटपुटली.

"नोंद केली," तो म्हणाला.

नाना अजून धुमसतच होते, पण आता स्वतःवर. "पाण्याचं आठ राहू दे. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं." शेजारी नवा घुमट उभा राहत होता. त्याची मांडणी-फाईल अजून कोरी होती, ती तूच लिही, असंही ते म्हणाले.

संध्याकाळी पाळी बदलली. नानांनी सवयीनं ओवी धरली, "पाच मिनिटं पाणी घाल..."

"आठ, नाना," हेमांगी म्हणाली. "पहिल्यापासून म्हणा."